समनरचं कोर्ट : मिसिसिपीतले चार दिवस

एकतीस वर्षं मी यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश सांगायचे आणि मी उतरवून घ्यायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अजून कुणी सलग बोलायला लागलं की माझी बोटं मांडीवर आपोआप हलतात. मुलगी मेम्फिसला नोकरी करते. मागच्या दोन फेऱ्यांत तिनं मला धबधबे, डोंगर, मोठमोठी शहरं सगळं दाखवलं. गेल्या सप्टेंबरात गेले तेव्हा मात्र मीच सांगितलं, "सायली, यंदा मला एक कोर्ट बघायचंय."

ते कोर्ट मिसिसिपी राज्यात, टॅलाहॅची काउंटीत, समनर नावाच्या गावात आहे. गाव म्हणजे वस्ती तीनशेच्या आतबाहेर. २५ जुलै २०२३ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ती इमारत राष्ट्रीय स्मारकात घेतली, तेव्हा मी त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला तिथे चालला होता. तेव्हापासून ती खोली डोक्यातून जाईना. शनिवार-रविवारला जोडून मुलीनं दोन दिवस रजा घेतली आणि आम्ही मायलेकी निघालो.

पहिला दिवस : मेम्फिस ते क्लार्क्सडेल

अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. हायवे ६१ नं दक्षिणेला निघालं की मेम्फिसची उंचवट्यावरची वस्ती संपते, रस्ता खाली उतरतो आणि जमीन एकदम सपाट होते, परातीसारखी. याला डेल्टा म्हणतात. मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या पुरानं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ. माती काळी, चिकट.

आणि त्या मातीत पऱ्हाटी. दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर. बोंडं उकलली होती, पानं औषध मारून गाळून टाकलेली, त्यामुळे शेत नुसतं पांढरं दिसत होतं. मी गाडी थांबवायला लावली. माझं माहेर पांढरकवड्याकडचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आई पहाटे ओटी बांधून वेचणीला जायची, मी मागे मागे. इथे वेचायला माणूस दिसत नाही. घराएवढं यंत्र एका वेळी सहा-सहा ओळी खात जातं आणि मागून पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कापसाची गोल गाठ टाकतं. रस्त्याच्या कडेला उडालेला कापूस मात्र अगदी आपल्यासारखाच, गवताला चिकटलेला. बोंड हातात घेतलं. सरकीला नख लावलं. तोच स्पर्श.

अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, इथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. त्या धड्यात ज्याचा कापूस थांबला ती जमीन ही. आणि तो कापूस वेचणारी माणसं गुलाम होती, हे त्या धड्यात एका ओळीपुरतंच होतं.

क्लार्क्सडेलला मोटेल गुजराती बाईंचं. साठीच्या असतील. माझी साडी बघून त्यांनी किल्ली देण्याआधी आलं घातलेला चहाच पुढे केला. "बेन, इतनी दूर गाँव में क्या देखने जा रहे हो? वहाँ तो कुछ नहीं है." मी कोर्टाचं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तीस वर्षं इथे आहे, रस्त्यावरून शंभरदा गेले असेन, आत कधी गेले नाही.

रात्री डेल्टाचे टमाले खाल्ले. मक्याच्या पिठात तिखट मांस भरून मक्याच्याच पानात गुंडाळतात आणि मसालेदार पाण्यात शिजवतात. सोडून खाताना मला पळसाच्या पानातले आपले पानगे आठवले. शाकाहारी असाल तर आधी विचारा. भाजीत आणि घेवड्यातसुद्धा चवीला डुकराचं मांस घालायची इथे सर्रास पद्धत आहे. मक्याची भाकर, तळलेली भेंडी आणि गोड गार चहा यावर मी चारही दिवस मजेत काढले.

दुसरा दिवस : समनर

टिप: कोर्टरूम बघायची असेल तर चौकातल्या एमेट टिल इंटरप्रिटिव्ह सेंटरकडे आधी वेळ घेऊन ठेवा. हे चालू कोर्ट आहे. त्या दिवशी खटल्यांचा बोर्ड लागला असेल, तर वर सोडत नाहीत. आम्ही शुक्रवार घेतला होता.

क्लार्क्सडेलहून अर्ध्या तासाचा रस्ता. मध्ये टटवायलर लागतं. १९०३ च्या सुमारास संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी तिथल्या रेल्वे फलाटावर एका माणसाला गिटारच्या तारांवर चाकू घासत वाजवताना ऐकलं आणि ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं संगीत ऐकल्याची त्यांची ती आठवण पुढे प्रसिद्ध झाली. पाच मिनिटं थांबलो, पुढे निघालो.

समनरचा चौक म्हणजे मध्ये कोर्ट आणि चहूबाजूंनी दुकानांच्या जुन्या ओळी, बरीचशी बंद. मागच्या बाजूला कॅसिडी बायू नावाचं संथ पाणी, त्यात सायप्रसची झाडं गुडघाभर उभी. कोर्टाची इमारत विटांची, जाड, वर्तुळाकार कमानींची, एका कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा. १९०९-१० च्या सुमाराची. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याहून मोठी, जिल्ह्याहून लहान अशी व्यवस्था. टॅलाहॅची काउंटीला मुख्यालयं दोन, पूर्वेला टेकड्यांच्या पायथ्याशी चार्ल्सटन आणि पश्चिमेला सपाटीवर समनर. मध्ये नदी आणि दलदल. पावसाळ्यात पलीकडे जाणंच अवघड, म्हणून दोन कोर्टं. नकाशावर ही क्षुल्लक बाब वाटते, पण खटला समनरला का चालला त्याचं उत्तर यातच आहे. मुलाला पळवलं शेजारच्या लफ्लोर काउंटीतून, पण प्रेत सापडलं टॅलाहॅची नदीत, या काउंटीच्या हद्दीत. हद्द कुठली, यावर किती गोष्टी ठरतात हे कोर्टात काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

आवारात दोन गोष्टी एकमेकींपासून थोड्या पावलांवर आहेत. एक, यादवीत दक्षिणेकडून लढलेल्या सैनिकांचा १९१३ सालचा पुतळा. दुसरी, २००७ साली लावलेली खटल्याची पाटी. मी दोन्हींसमोर बराच वेळ उभी राहिले.

थोडक्यात हकिकत सांगते, कारण आपल्याकडे फारशी माहीत नाही. एमेट शिकागोचा. १९५५ च्या ऑगस्टमध्ये तो आईच्या मावशीच्या यजमानांकडे, मोझ राइट यांच्याकडे, सुट्टीला आला. राइट ६४ वर्षांचे, बटईनं कापूस करणारे, देवळात प्रवचन देणारे. मनी नावाच्या वस्तीवरच्या किराणा दुकानात एमेटनं दुकानमालकाच्या गोऱ्या बायकोशी आगळीक केली, असा आरोप झाला. २८ ऑगस्टला पहाटे तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम हे राइटांच्या घरी बंदूक आणि बॅटरी घेऊन आले आणि मुलाला उचलून घेऊन गेले. तीन दिवसांनी नदीत प्रेत मिळालं. गळ्याला काटेरी तारेनं जिनिंगचा लोखंडी पंखा बांधलेला.

जिनिंगचा पंखा म्हणजे काय हे मला कुणी सांगावं लागलं नाही. यवतमाळला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून जिनिंग होतं. रुई ओढून घेणारा तो पंखा चालू झाला की भांडी थरथरायची. सेंटरमध्ये वजन वाचलं, पंचाहत्तर पौंडांच्या आसपास, म्हणजे ३४ किलो. मुद्देमालाच्या यादीत मी आयुष्यभर कोयते, काठ्या, दोर लिहिले. हे वाचून मी खाली बसले.

आई मेमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगानं बघावं, असा त्यांचा आग्रह होता. हजारो माणसांनी रांग लावून पाहिलं. जेट मासिकानं चेहऱ्याचा फोटो छापला.

खटला १९ सप्टेंबरला उभा राहिला आणि २३ ला संपला. पाच दिवस.

वाटाड्या तरुण मुलगी होती. तिच्या मागून जिना चढलो. जिना लाकडी, रुंद. वर दार उघडलं आणि मी दाराशीच थांबले, कारण खोली ओळखीची होती. उंच छत, उंच खिडक्या, पुढे न्यायाधीशांचं उंच आसन, बाजूला साक्षीदाराची जागा, कठडा, त्याच्या मागे लोकांची बाकं. आमच्या जुन्या कोर्टातही उन्हाळ्यात असंच पिवळं ऊन फरशीवर पडायचं. एकच गोष्ट नवी होती, ज्युरीची जागा. आपल्याकडे ज्युरी आता नाही. इथे बारा खुर्च्या.

त्या बारा खुर्च्यांवर १९५५ साली बारा गोरे पुरुष बसले होते. काउंटीत कृष्णवर्णीय लोक साठ टक्क्यांहून जास्त, पण मतदारयादीत एकही नाही. ज्युरी मतदारयादीतून निवडायची. मिसिसिपीत बायकांना ज्युरीत बसायला तर १९६८ पर्यंत मनाई होती. म्हणजे निकाल लागण्याआधी यादी लागली होती. वाटाड्यानं हे सांगितलं आणि मी वहीत नुसतं "यादी" एवढंच लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

उकाडा भयंकर होता, पंखे पुरत नव्हते, लोक भिंतीला टेकून उभे होते. न्यायाधीश कर्टिस स्वँगो यांच्याबद्दल मात्र विरोधी बाजूचे बातमीदारही बरं बोलतात. खटला त्यांनी नियमानं चालवला. सरकारी वकील जेराल्ड चॅटम यांनी जीव तोडून काम केलं. गावातल्या पाचही वकिलांनी वकीलपत्र घेतलं ते आरोपींचं. कृष्णवर्णीय बातमीदारांना बाजूला पत्ते खेळायच्या टेबलाएवढं एक टेबल दिलं होतं. मिशिगनचे खासदार चार्ल्स डिग्ज खटला बघायला आले, त्यांनाही त्याच टेबलाशी बसावं लागलं. काउंटीचा पोलीस प्रमुख, शेरीफ स्ट्रायडर, रोज सकाळी त्या टेबलाला शिवी देऊनच पुढे जायचा. आणि हाच शेरीफ बचावाच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला. प्रेत इतकं खराब होतं की ते त्या मुलाचं आहे की नाही सांगता येणार नाही, असं त्यानं शपथेवर सांगितलं. मृताच्या बोटात बापाच्या आद्याक्षरांची चांदीची अंगठी होती. आईनं मुलाला ओळखलं होतं.

आता जे सांगायचंय ते, ज्यासाठी मी एवढ्या लांब आले.

बुधवार, २१ सप्टेंबर. मोझ राइट साक्षीला. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या रात्री घरी आलेला माणूस इथे आहे का? राइट उठून उभे राहिले आणि हात लांब करून त्यांनी आधी मायलमकडे, मग ब्रायंटकडे बोट दाखवलं.

आपल्याकडे प्रत्येक फौजदारी जबानीत एक वाक्य येतं. "आज कोर्टात हजर असलेले आरोपी तेच आहेत." हे वाक्य मी किती हजार वेळा उतरवलं असेल, मोजता येणार नाही. पुढे पुढे तर साक्षीदार बोलायच्या आधी माझी पेन्सिल तिथे पोचलेली असायची. इतकं ते सवयीचं. त्या खोलीत उभं राहून मला पहिल्यांदा कळलं की ते वाक्य म्हणायला माणसाला काय काय गोळा करावं लागत असेल. भर कोर्टात, गोऱ्या माणसाकडे बोट दाखवून, या गावात, त्या साली. साक्ष देऊन झाल्यावर राइट इथे राहिले नाहीत. उभं पीक टाकून शिकागोला गेले.

वृत्तपत्रांनी त्यांचे शब्द गावंढळ उच्चारात छापले, "थार ही". तेच जगभर गेलं. खटल्याची अधिकृत नोंद मात्र हरवली होती. पन्नास वर्षांनी, केंद्रीय तपास यंत्रणेनं प्रकरण पुन्हा उघडलं, तेव्हा तिची एक पुसट झालेली प्रत मिळाली आणि ओळ न् ओळ लावून ती पुन्हा टंकित केली गेली. त्यात शब्द साधे, नीट आहेत. "देअर ही इज." हा बघा, तो. मी लघुलेखिकेवर विश्वास ठेवते. तिथे कठड्याजवळ बसून ज्या कुणी तो शब्द कानांनी ऐकून कागदावर घेतला, त्या व्यक्तीनं म्हाताऱ्याच्या तोंडी उगाच गावठीपणा घातला नाही.

आणखी एक. सरकारी वकीलसुद्धा राइटांना "अंकल मोझ" म्हणत होते. आरोपी मात्र "मिस्टर". मोलकरणींना आणि गड्यांना एकेरी, मालकाला अहो-जाहो, हे भाषेतलं वजनमाप मला परकं नाही. जुन्या फायलींत मी ते पाहिलेलं आहे, कुणाच्या नावापुढे "राव" आणि कुणाचं नाव नुसतं.

शुक्रवारी बचावाच्या वकिलानं ज्युरीला त्यांच्या अँग्लो-सॅक्सन रक्ताची आठवण करून दिली. ज्युरी आत गेली आणि ६७ मिनिटांत बाहेर आली. निर्दोष. थंड पेय प्यायला थांबलो नसतो, तर एवढाही वेळ लागला नसता, असं त्यातला एक जण नंतर म्हणाला. चार महिन्यांनी, जानेवारी १९५६ मध्ये, दोघांनी लुक मासिकाकडून पैसे घेऊन खून केल्याचं छापून आणलं. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मी लोकांच्या बाकावर बसले. मुलगी खिडकीशी उभी होती. बाहेर चौकातून एक ट्रक गेला आणि काचा हलल्या.

मग वाटाड्यानं खोलीचं पुढचं सांगितलं, आणि मला वाटतं तो भागही खटल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पन्नास वर्षं गावात या विषयावर कुणी बोललं नाही. १९७० च्या दशकात कोर्टरूमचं नूतनीकरण झालं, जुनं रूप झाकलं गेलं. पुढे इमारत खचत चालली. २००६ साली काउंटीचे अध्यक्ष जेरोम लिटल यांच्या पुढाकारानं एक आयोग बसला, नऊ गोरे, नऊ कृष्णवर्णीय. लिटल हे त्या पदावर पोचलेले पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्यासोबत बेटी पिअर्सन होत्या, मळेवाल्या घरातल्या गोऱ्या बाई, ज्यांनी तरुणपणी तो खटला स्वतः बसून ऐकला होता. काहींना इमारत वाचवायची होती, काहींना एमेटचं नाव. बोलणं सोपं गेलं नाही. पण शेवटी दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या. २ ऑक्टोबर २००७ ला कोर्टाच्या पायऱ्यांसमोर टिल कुटुंबाची जाहीर माफी मागणारा ठराव वाचला गेला. या खटल्यात न्यायाची भयंकर पायमल्ली झाली, असं काउंटीनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं. मग कोर्टरूम पुन्हा १९५५ ला होती तशी करण्यात आली. २०१५ पर्यंत ते काम झालं आणि सेंटरही उघडलं.

नवं चकचकीत कोर्ट बांधून ती खोली पाडता आली असती. कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी ती जशीच्या तशी परत आणली आणि तिथेच कोर्ट चालू ठेवलं. आजही तिथे जामीन होतात, तारखा पडतात. हे मला फार मोठं वाटलं.

त्या माफीचा कागद वाटाड्यानं आम्हाला दिला आणि पाहुण्यांनी मोठ्यानं वाचावा अशी विनंती केली. मुलीनं इंग्रजीत वाचला. मी तिथल्या तिथे मराठी करून म्हटला. वाटाड्याला एक शब्द कळला नसेल, पण ती उभी राहून ऐकत होती. मग मी तिला सांगितलं की १८७३ साली आमच्याकडे जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' नावाचं पुस्तक लिहिलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. तिनं नाव वहीत लिहून घेतलं, अक्षर न् अक्षर विचारून.

दुपारी चौकातल्या खाणावळीत मी तळलेला कॅटफिश खाल्ला. आपल्या मरळीची आठवण यावी असा मासा, वर मक्याच्या पिठाचं कुरकुरीत कवच. पिकान या कवचफळाची गोड पेस्ट्रीही (पिकान पाय) छान होती. जेवायचं असेल तर आधी फोन करा, रोज उघडं असेलच असं नाही. पेट्रोल क्लार्क्सडेललाच भरून घ्या.

तिसरा दिवस : ग्लेनडोरा, नदी, मनी

रात्रभर पाऊस पडला होता. आम्ही थांबायला हवं होतं, थांबलो नाही.

ग्लेनडोरात एका जुन्या जिनिंगमध्ये संग्रहालय आहे. तासभर पुरतो. तिथून ग्रॅबॉल लँडिंग हे नदीकाठचं ठिकाण जवळ. प्रेत जिथे सापडलं त्याची ही आठवण. २००८ ला लावलेली पहिली पाटी कुणीतरी नदीत फेकली. नंतरच्या पाट्यांवर गोळ्या झाडल्या. त्यातली एक, ३१७ भोकं पडलेली, २०२१ साली वॉशिंग्टनच्या संग्रहालयात मांडली होती. आताची चौथी पाटी २०१९ ची, जाड पोलादाची, गोळी न भेदणारी, वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे. एका मुलाच्या नावाला एवढं चिलखत लागतं. मी पाटीवर हात ठेवला. थंड होती, पावसानं ओली.

परत फिरताना कच्च्या रस्त्यावर मुलीनं गाडी कडेला घेतली आणि मागचं चाक रुतलं. ती माती मी ओळखते. आपल्या कपाशीच्या मातीसारखी, ओली झाली की चपलेला किलोभर चिकटते. फोनला रेंज नाही. पाऊण तासानं एक पिकअप आला. चालवणारे आजोबा कृष्णवर्णीय, ऐंशीच्या जवळ असावेत, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी. एक शब्द न विचारता त्यांनी साखळी काढली, गाडीखाली शिरले, बांधली आणि दोन हिसक्यांत बाहेर काढलं. पैसे घेतले नाहीत. मी डब्यातला चिवडा पुढे केला, तो घेतला.

कुठून आलात, विचारलं. भारतातून, म्हटलं. समनरचं कोर्ट बघायला, म्हटल्यावर त्यांनी टोपी मागे सारली.

खटल्याच्या वेळी ते पोरवयाचे होते. घरात कुणी त्याबद्दल मोठ्यानं बोलायचं नाही, म्हणाले. मोठे झाल्यावर गाडीचा कर भरायला वर्षानुवर्षं त्या इमारतीत गेले, पण खालच्या मजल्यापर्यंतच. जिना चढावासा वाटला नाही. मग एके वर्षी, १९८० नंतर कधीतरी, टपालानं ज्युरीचं बोलावणं आलं.

"गेलात?" मुलीनं विचारलं.

"आईनं सदरा इस्त्री करून दिला," ते म्हणाले. "साधा खटला होता. कुणाचं तरी ट्रॅक्टरचं सामान चोरीला गेलेलं. आम्ही बाराजण, त्यात पाच काळे. तीन तास आत बसलो. मी सगळं ऐकलं. एकही शब्द सोडला नाही."

काय निकाल दिला, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. चिवड्यातले शेंगदाणे निवडून खात ते थोडा वेळ नदीकडे बघत उभे होते. मग पुढचा रस्ता पक्का आहे, असं सांगून निघून गेले.

सूचना: पाऊस झाला असेल तर ग्रॅबॉलला जाऊ नका. डासांसाठी काहीतरी लावून जा आणि पायात बूट घाला.

मनीला दहा मिनिटं थांबलो. दुकानाच्या पडक्या भिंती आहेत, त्यांवर वेल चढलेली, समोर एक फलक. आत जाता येत नाही. मुक्काम ग्रीनवूडला केला.

चौथा दिवस : माउंड बायू आणि परत

माउंड बायू हे गाव १८८७ साली गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांनी दलदल तोडून स्वतःसाठी वसवलं. महापौरापासून दुकानदारापर्यंत सगळे कृष्णवर्णीय. खटल्याच्या दिवसांत मेमी टिल आणि कितीतरी कृष्णवर्णीय बातमीदार इथल्या डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांच्या आश्रयाला होते. बंदूकधारी पहारा असायचा. रोज सकाळी इथून निघून कोर्टात जायचं आणि संध्याकाळी परत इथे यायचं. आपल्या मुलाच्या मारेकऱ्यांसमोर दिवसभर बसून आलेल्या त्या बाईला रात्री कुणीतरी ताट वाढलं असेल, ते या गावात. गावात आज वर्दळ कमी आहे. एका टपरीवर उकडलेल्या ओल्या शेंगा घेतल्या, मिठाच्या पाण्यातल्या, अगदी आपल्यासारख्या. विकणाऱ्या बाईंनी वर मूठभर जास्त टाकल्या.

दुपारी मेम्फिस. बील स्ट्रीटवर अर्नेस्ट विदर्स या छायाचित्रकाराचं दालन आहे. मोझ राइट उभे राहून बोट दाखवतायत तो फोटो त्यांच्या नावावर आहे. कामकाज चालू असताना फोटो काढायला मनाई होती, तरी तो निघाला. पांढरा सदरा, हात खांद्यापासून सरळ. फोटो किंचित हललेला आहे.

मुलगी बराच वेळ बघत होती. बाहेर आल्यावर शेंगा खात बाकावर बसलो, तेव्हा तिनं विचारलं, "आई, तू असतीस तर हे कसं लिहिलं असतंस?"

मी पर्समधून टमाल्यांचं बिल काढलं, पाठ कोरी होती. लघुलिपीत लिहून दाखवलं. साक्षीदार उभा राहिला. साक्षीदाराने आरोपीकडे बोट दाखवले. आज कोर्टात हजर असलेला आरोपी तोच आहे.

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं बिल घडी करून फोनच्या कव्हरात ठेवलं आणि आम्ही गाडीकडे निघालो.